साहेब नाही म्हणाले

दर तीन वर्षांनी, मे महिना संपता संपता, नेनिता रजेवरून परत यायची आणि ऑफिसचं दार उघडल्याबरोबर उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून उभी राहायची, वर्गाला गप्प बसवणाऱ्या मास्तरीणबाईंसारखी. त्या बोटाच्या नखावर जांभळट काळ्या शाईचा डाग असायचा. मग ती प्रत्येक टेबलापाशी जाऊन तो डाग दाखवायची. एरवी नखं बारीक कापणारी ही बाई ते एक नख वाढू द्यायची. नख वाढेल तसा डाग वर सरकायचा. टाइप करताना त्या नखाचा टक्‌ टक्‌ असा वेगळा आवाज यायचा, आणि आम्हाला तो काही महिने ऐकावा लागायचा. डाग अगदी टोकाला पोचला की ती सगळ्यांदेखत नेलकटर काढायची, तो तुकडा कापायची आणि म्हणायची, "खलास. आता पुढच्या वेळी."

ती फिलिपिन्सची. तिथल्या एका लहान बेटावरच्या, खाडीकाठच्या वाडीतली. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या ऑफिसात ती रिसेप्शनिस्ट म्हणून आली. हळूहळू टेंडरची कागदपत्रं, व्हिसा, तिकिटं, कन्सल्टंटचे फोन, असं सगळं तिच्याकडे गेलं. कंपनी माधवरावांची. इमारतींच्या एसीच्या डक्टची कामं आम्ही घेत असू. मी तिथे अॅडमिन मॅनेजर होतो. ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली उडप्याचं हॉटेल. अकराच्या सुमारास सांबाराचा वास वर आला की नेनिता मान वर करून म्हणायची, "सर विनायक, अकरा वाजला."

मराठी ती आमच्यातच शिकली. ऑफिसात सगळे पुरुष, त्यामुळे ती स्वतःबद्दलही "मी गेलो, मी आलो" असंच बोलायची, आणि सगळ्यांना सरसकट "तू" म्हणायची. माधवरावांना अख्ख्या दुबईत "साहेब, तू गोळी घेतला का?" असं दरडावून विचारणारी ती एकटीच. साहेब निमूटपणे खिशातली गोळी काढून घ्यायचे. घरी वहिनींना सांगायचे, "तुझ्यापेक्षा तिचा धाक जास्त आहे मला."

मतदानाचं वेड आम्हा भारतीयांना कळण्यासारखं नव्हतं. आमच्यापैकी कितीजणांची नावं गावच्या यादीत उरली होती कोण जाणे. मी स्वतः दुबईत आल्यापासून एकदाही मत दिलं नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. तिच्या बाकीच्या मैत्रिणी इथेच त्यांच्या वकिलातीत जाऊन मत द्यायच्या. तासभर रांगेत उभं राहायचं, फोटो काढायचा, मग मॉलमध्ये जेवायचं. नेनिताने मात्र इथे नाव नोंदवलंच नाही. मी एकदा विचारलं, "अगं, विमानाचा प्रवास करून कशाला जातेस? इथे मेट्रोने जाऊन काम होतं की."

"वकिलातीत फक्त वरचा लोक मिळतो, सर. सिनेटर. माझ्या खाडीचा सिनेटर नसतो. खाडीचा मेयर असतो, कौन्सिलर असतो. त्याला मत द्यायला तिकडे जायला लागतो." मग आपले दोन्ही पाय टेबलाखालून बाहेर काढून दाखवत तिचं ठरलेलं वाक्य, "आधी पाय मत देतो, मग बोट."

त्या खाडीची गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. वाडी एका बाजूला, गाव, शाळा आणि दवाखाना दुसऱ्या बाजूला. मध्ये बांबूचा पूल, भरतीला पाण्याखाली जाणारा. मी कोकणातला. म्हटलं, "आमच्याकडे त्याला साकव म्हणतात." हा शब्द तिला फार आवडला. दोन-तीनदा घोळवून तिने तो पाठ केला. तिची आई छातीत कळ येऊन आजारी पडली तेव्हा भरती होती. "आई काठावर ओहोटीची वाट बघितला. आम्ही पण बघितला. मग पाणी उतरला, पण तेव्हा घाई नाही राहिला." एवढं बोलून ती प्रिंटरमध्ये कागद भरायला उठली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अॅडमिनच्या माणसाला दिवसातून अनेकदा नाही म्हणावं लागतं. रजा नाही, अॅडव्हान्स नाही, कंपनीची गाडी नाही. ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचा मला फार संकोच. कुणाचं मन दुखवणं मला जमत नाही, असं मी स्वतःला सांगत असे. म्हणून मी एक सोपी पद्धत काढली. कुणी काही मागायला आलं की म्हणायचं, "विचारतो साहेबांना." दुसऱ्या दिवशी तोंड पाडून सांगायचं, "मी खूप सांगून बघितलं. साहेब नाही म्हणाले." कितीदा तर मी विचारलेलंही नसे. मी आत जाऊन चहा पिऊन बाहेर यायचो. माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "तुम्ही प्रयत्न केलात, हेच खूप."

साहेबांना हे ठाऊक होतं. संध्याकाळी चहा घेताना ते डोळे मिचकावून विचारायचे, "काय विनायकराव, आज मी कुणाकुणाला नाही म्हणालो?" मी सांगायचो आणि ते हसायचे. "असू द्या. मालकाला शिव्या पडल्याच पाहिजेत. तुम्ही चांगले राहा, म्हणजे ऑफिस चालेल." अशा रीतीने करामापासून शारजातल्या रोल्लापर्यंत आमच्या धंद्यातल्या मराठी लोकांत माधवराव चिक्कू आणि कडक ठरले, आणि मी मवाळ आणि मनमिळाऊ.

कोविडच्या आदल्या वर्षी फिलिपिन्समध्ये मधली निवडणूक होती. त्यांच्या अध्यक्षाची मुदत सहा वर्षांची. तिच्या मध्यावर अर्धे सिनेटर, सगळे खासदार, आणि गावोगावचे मेयर नि कौन्सिलर निवडले जातात. त्या वर्षी नेनिताची थोरली बहीण लोर्ना गावच्या कौन्सिलला उभी राहिली. लोर्ना सरकारी दवाखान्यातून नुकतीच निवृत्त झालेली सुईण. वाडीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, आणि नेनिताचा मुलगाही तिनेच वाढवलेला. कौन्सिलच्या आठ जागा, आणि त्या वर्षानुवर्षं एकाच घराण्याच्या माणसांकडे. लोर्नाची मागणी एकच होती, सिमेंटचा पूल.

नेनिताने करामातून प्रचार चालवला. जेवणाच्या सुट्टीत पॅन्ट्रीत फोन साखरेच्या डब्याला टेकवून ती एकेका घराशी बोलायची. तिकडे उमेदवाराचं गाणं लागतं, आपल्याकडे रिक्षावर भोंगा लावतात तसंच. लोर्नाचं गाणं नेनितानेच रचलं होतं आणि ते ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं. आमचा ड्राफ्ट्समन बिजू, केरळचा, पक्का राजकारणी डोक्याचा. तो तिला 'चेची' म्हणजे ताई म्हणायचा आणि डावपेच शिकवायचा. "चेची, हाऊस टु हाऊस पाहिजे. फोनवर कोण व्होट देतो?"

"म्हणून तर मी जाणार ना, बिजू! दोन आठवडे घरोघर. माझा पाय बघ, तयार आहे."

एक दिवस ती रजेचा अर्ज घेऊन माझ्यासमोर आली. एरवी अर्ज टेबलावर टाकून निघून जाणारी ही बाई त्या दिवशी खुर्चीवर बसली. म्हणाली, "सर विनायक, ह्या वेळी माझा एकटाचा मत नाही. माझ्याबरोबर माझी मावशी येईल, तिचा दोन सून येईल. मी नाही गेलो तर तो पण नाही येणार. भरतीचा पाणी बघून घरी बसेल. तू साहेबाला नीट सांग."

मी म्हटलं, "विचारतो साहेबांना."

आणि त्या वेळी मी खरंच विचारलं. विचारावंच लागलं, कारण त्याच दोन आठवड्यांत मला माझ्या पुतण्याच्या मुलाच्या मुंजीला गावी जायचं होतं. रजा आधीच ठरलेली होती. एका हॉटेलचं काम ईदच्या आधी ताब्यात द्यायचं होतं, त्यामुळे आमच्या दोघांपैकी एकजण ऑफिसात हवाच होता. साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "तिला जाऊ द्या. बहीण उभी आहे तिची. तुम्ही थांबा विनायकराव. दोघं एकदम नकोत. मुंजीला आशीर्वाद काय, फोनवरूनही देता येतो."

मी "बरं" म्हणून बाहेर आलो.

मुंजीचं काय एवढं, असं कुणीही विचारेल. मी आजवर हजारदा विचारलं आहे स्वतःला. मुंजीत माझ्यावाचून काही अडणार नव्हतं. पण मे महिन्यातलं घर, माणसांनी भरलेली ओटी, आंब्याच्या अढ्या, आणि दुबईहून आलेला काका म्हणून मिळणारा मान, याची मला दरवर्षीची चटक होती. शिवाय मनात कुठेतरी होतं की, हिच्या गावची कसली ती निवडणूक, एका मताने काय होतंय. मी माझ्या टेबलाशी पोचेपर्यंत तोंड आपोआप पडलं होतं. सवयच होती त्याला.

"नेनिता, मी खूप सांगून बघितलं. साहेब नाही म्हणाले."

ती म्हणाली, "आय नाकू," हे त्यांचं 'अगं बाई गं'. नंतर म्हणाली, "बहाला ना." म्हणजे आता देव बघेल. उठताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू विचारला, सर. थँक यू."

साहेबांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की नेनिताने स्वतःच बेत रद्द केला, ताई सांभाळून घेईल म्हणाली. साहेब म्हणाले, "अरेरे. पण पोर जबाबदार आहे हो." म्हणजे एक खोटं दोन्ही बाजूंनी शिवून टाकलं. माझं काम नेहमीच नीटनेटकं असे.

माझा बोर्डिंग पास तिने काढून दिला. मुंजमुलासाठी चॉकलेटची मोठी पिशवी दिली. तिच्या गावी पाठवायच्या खोक्यातून काढलेली होती, हे मला माहीत होतं. वर म्हणाली, "मुंज थांबत नाही, निवडणूक परत येतो. तू जा."

गावात शिरताना आता ओढ्यावर सिमेंटचा पूल आहे. माझ्या लहानपणी तिथे साकव होता. गाडी पुलावरून गेली तेव्हा मला तिची आठवण आली, आणि मी खिडकीची काच वर केली.

परत आलो ते हापूसची पेटी घेऊन. नेनिता आणि मी, आमचं आंब्यावरून दरवर्षीचं भांडण असे. त्यांचा आंबा जगात पहिला, असं तिचं ठाम मत. मी दरवर्षी पेटी आणायचो, ती फोड तोंडात घालून डोळे मिटायची आणि निकाल द्यायची, "छान. दुसरा नंबर." त्या दिवशी मी पेटी घेऊन आलो तर ऑफिस रिकामं. रमजान होता, म्हणून पॅन्ट्रीचं दार लोटलेलं. आत सगळे जमले होते. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. फोनवर कुठल्यातरी सरकारी खोलीचं चित्र, टेबल, काचेची बरणी, उभी असलेली माणसं.

बिजूने कुजबुजत सांगितलं, "सातजण निवडून आले. आठव्या जागेला लोर्ना चेची आणि दुसरा एकजण, सेम व्होट. टाय."

"मग?"

"त्यांच्या कायद्यात चिठ्ठी काढतात."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरोखरच एका अधिकाऱ्याने दोन चिठ्ठ्या गुंडाळून बरणीत टाकल्या. लोर्ना पुढे आली. नेनितासारखीच बुटकी, पांढऱ्या केसांची. तिने बरणीत हात घातला, आणि इकडे नेनिताने आपलं उजवं बोट मुठीत घट्ट धरलं. त्या नखावर काही नव्हतं. लोर्नाने चिठ्ठी उघडली. ती अधिकाऱ्याच्या हातात दिली. मग समोरच्या माणसाच्या बाजूने टाळ्या झाल्या.

नेनिताने फोन बंद केला. वळली तर मी दारात, हातात पेटी.

"आलास, सर? मुंज झाला नीट?"

मी मान हलवली. तिने स्वतः सुरी घेतली, आंबा कापला, सगळ्यांना दिला, स्वतः एक फोड खाल्ली. डोळे मिटले नाहीत. म्हणाली, "आज गोड आहे." नंबर दिला नाही. हात धुताना नळाकडे बघत म्हणाली, "मावशी नाही गेला. सून नाही गेला. मी नाही गेलो. चारजण, सर."

ईदच्या वेळी साहेबांनी तिला बकलावा या अरबी मिठाईचा मोठा डबा दिला. "थँक यू, नेनिता. तू थांबलीस म्हणून काम झालं," एवढंच म्हणाले. ती डबा घेऊन माझ्याकडे आली. "साहेबाला वाईट वाटला. तोंडाने बोलत नाही, पण मला कळला." मी तिच्या डब्यातला एक बकलावा घेतला आणि खाल्ला.

तिने ते प्रकरण पुन्हा काढलं नाही. पुढच्या वर्षी कोविडमध्ये मी आणि माझी पत्नी दोघंही पडलो तेव्हा नेनिता रोज दाराबाहेर आल्याची पेज ठेवून जायची, त्यांच्या पद्धतीची, वर तळलेला लसूण घातलेली. बेल वाजवून जिन्यापर्यंत पळायची आणि तिथून ओरडायची, "सर विनायक, गरम आहे, यल्ला, लवकर खा!" दाराआड उभा राहून मी ते ऐकायचो. कितीदा वाटलं, आज सांगून टाकावं. पण दार उघडेपर्यंत ती खाली उतरलेली असायची, आणि मलाही ते बरंच वाटायचं.

लोर्ना पुन्हा उभी राहिली नाही. पूल झाला नाही.

मग साहेब गेले. झोपेतच गेले. करामाशेजारच्या ऊद मेथातल्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. वहिनी पुढच्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. लोक बोलले, कडक शिस्तीचे होते, पैशाला जपणारे होते, असं सगळं आडून आडून. शेवटी नेनिता उठली. पांढरा ड्रेस, हातात रुमाल. ती मराठीत बोलली.

"साहेब चांगला माणूस होता. एकदाच मला नाही म्हणाला. माझी ताई हरला. तेव्हा मला फार राग आला होता, साहेब, मी आज सांगतो. पण तू मला बकलावा दिला. मी तेव्हाच माफ केला. आता तू देवाकडे जा, मनात काही ठेवू नको."

हॉलमध्ये बायका रडल्या. वहिनी माझ्याकडे कलल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "विनायकराव, खरं आहे का हे? बहीण उभी असताना रजा नाही दिली ह्यांनी? हे असं करायचे नाहीत."

मी म्हणालो, "काम फार होतं तेव्हा, वहिनी."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन. पण मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर, त्याच्या बायकोच्या कानात बोललेलं खोटं तेवढंच.

पुढे कंपनी बंद झाली. नेनिता कायमची गावी गेली. मीही निवृत्त झालो आणि मुलाच्या व्हिसावर इथेच राहिलो. तिकडच्या पुढच्या निवडणुकीत तिने मला शाई लागलेल्या नखाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, "खलास." त्यानंतरची ही परवाची, पुन्हा मधली निवडणूक. ह्या वेळी नेनिता स्वतः कौन्सिलला उभी राहिली. मला शुभेच्छा द्यायच्या होत्या म्हणून फोन केला. ती प्रचाराच्या तीनचाकी गाडीवर बसलेली. मागे तेच जुनं गाणं, फक्त नाव बदललेलं.

"सर विनायक! तू प्रचाराला नाही आला? बघ, साहेब असता तर आज बोलला असता, जा नेनिता, ह्या वेळी घे रजा!" आणि ती खो खो हसली.

ते हसणं मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "नेनिता, साहेबांनी तेव्हाही रजा दिली होती."

"काय?"

मी सांगितलं. सगळं. साहेब काय म्हणाले ते, मी बाहेर येऊन काय म्हणालो ते. ती गाडी थांबवून उतरली असावी. गाणं लांब लांब गेलं आणि वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला. मग ती इंग्रजीत बोलली. इतक्या वर्षांत माझ्याशी ती इंग्रजीत बोलायची ते बाहेरचं कुणी समोर असलं तरच.

"तुम्ही मुंजीला गेलात."

"हो."

"तुमचा बोर्डिंग पास मी काढला."

"हो."

"माधव सरांना माहीत होतं?"

"नाही. त्यांना सांगितलं, तूच नको म्हणालीस."

ती म्हणाली, "मी सगळ्यांसमोर त्यांना माफ केलं, सर. ज्याने काही केलं नव्हतं त्याला. आता त्यांची क्षमा मी कुठे जाऊन मागू?"

मी म्हणालो, "मला माफ कर."

"ती माफी त्यांच्या नावाची होती. ती तुम्हाला देता येत नाही. तुमच्यासाठी वेगळी लागेल, आणि ती आज माझ्याकडे नाही." मग विचारलं, "सरांच्या मॅडमना सांगितलंत?"

"नाही."

"मग त्यांना तरी फोन करू नका. पायाने जा."

'बहाला ना' ती म्हणाली नाही.

तरीही मी लगेच गेलो नाही. ऊन फार होतं, गुडघा दुखत होता, वहिनींचं बीपी वर होतं. कारणं शोधण्यात माझा हात कोण धरणार? निवडणूक झाली. नेनिता निवडून आली, तीही पहिल्या चारांत, हे मला बिजूने फोन करून सांगितलं. त्यानंतर एका संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, मी करामातून ऊद मेथातल्या वहिनींच्या घरापर्यंत चालत गेलो. मुलगा गाडीने सोडतो म्हणत होता. मी नको म्हटलं. माझ्या स्वतःच्या तोंडाने.

दार नातीने उघडलं. "आजी, विनायक आजोबा इज हिअर!" म्हणून ती आत पळाली. वहिनींनी पन्ह्याचा ग्लास पुढे ठेवला. मी तो न उचलता बोलायला सुरुवात केली. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्या सभेत मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

"हो."

त्या उठल्या, खिडकीचा पडदा उगाचच सारखा केला. माझ्याकडे पाठ होती. "किती लोक ह्या खोलीत बसून मला सांगून गेले, साहेब ऑफिसात फार कडक हो. मी म्हणायची, असतील बाई, ऑफिसातला माणूस आपल्याला कुठे दिसतो? एवढी वर्षं संसार करून मी मान्य केलं होतं, की मला माझा नवरा अर्धाच कळला." मग वळल्या. "तो दुसरा अर्धा तुम्ही होतात, विनायकराव."

त्यांनी फोन उचलला, चष्मा लावला आणि मला फोटो दाखवला. बुटकं, सुरकुतलेलं बोट, नखावर शाई. मागे खाडी, आणि तोच बांबूचा साकव. खाली लिहिलेलं, "मॅडम, आता सिमेंटचा होणार. इन्शाल्ला."

"परवाच आला," वहिनी म्हणाल्या. "तुम्हालाही पाठवला असेल ना?"

"नाही," मी म्हणालो. "मला नाही आला."

वहिनींनी फोन उलटा ठेवला. पन्ह्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "मला एकटीला सांगून भागायचं नाही. ह्यांना चिक्कू म्हणणारे सगळे अजून इथेच आहेत, आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीला भेटतात. आपल्या अंकात लिहा. नावानिशी लिहा."

मंडळाच्या अंकासाठी एखादं व्यक्तिचित्र द्या, असं मला बरीच वर्षं सांगत आहेत. मी नेनितावर लिहितो म्हणालो तेव्हा संपादकांना वाटलं, काही गमतीदार असेल. गमतीदारच होती ती. तिचा पूल होईल तेव्हा तो बघायला जायची माझी इच्छा आहे, पण बोलावणं आल्याशिवाय जाणार नाही. तीन वर्षांनी तिकडे पुन्हा निवडणूक आहे. तोवर मी असलो तर फोनकडे लक्ष ठेवीन.

ज्यांनी आमच्या कंपनीत काम केलं आणि जे हे वाचत आहेत, त्यांच्यासाठी थोडं. बिजू, तुझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी तुला रजा मिळाली नव्हती. साहेबांना मी विचारलंच नव्हतं. शिर्के, तुमच्या वडिलांच्या आजारपणात तुम्ही अॅडव्हान्स मागितला होतात. तोही अर्ज त्यांच्यापर्यंत गेला नाही. आणखी कितीतरी आहेत, आठवतील तसे मी चालत येऊन सांगेन.

आणि नेनिताला साहेब हो म्हणाले होते. नाही मी म्हणालो.